अंगठा जुळला, माणूस पटला का?

ग्राहकाला न भेटता केवळ ओटीपीच्या आधारे उघडलेल्या बँक खात्यांत एकूण एक लाख रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही. आर्थिक वर्षात दोन लाखांहून अधिक रक्कम जमा होऊ देता येत नाही. वर्षाच्या आत ग्राहकाची पूर्ण ओळख पटवली गेली नाही, तर ते खाते पुढे चालवता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांक सिमकार्ड कोणाच्या हाती आहे एवढेच सांगतो, हे बँकांच्या नियामकाला ठाऊक आहे.

त्याच ओटीपीवर केलेल्या आधार ई-सहीला मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याने हाताने केलेल्या सहीचा दर्जा दिला आहे. तिला लाखाची मर्यादा नाही आणि वर्षाची मुदतही नाही. २०२२ पर्यंत या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे करार वगळलेले होते. त्यांना इलेक्ट्रॉनिक सही चालत नसे. २०२२ च्या दुरुस्तीने ते कलम यादीतून काढून टाकले. म्हणजे ज्या पुराव्यावर लाख रुपयांची शिल्लक सोपवायला एक यंत्रणा तयार नाही, त्याच पुराव्यावर कोटी रुपयांच्या घराचा करार करायला दुसरी यंत्रणा राजी आहे. दोन्ही यंत्रणा एकाच देशाच्या आहेत आणि दोन्हीकडे ओटीपी तोच आहे.

ही विसंगती आज बोचण्याचे कारण आहे. मे २०२५ मध्ये केंद्राच्या भूसंसाधन विभागाने नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला केला. १९०८ च्या नोंदणी कायद्याची जागा घेऊ पाहणाऱ्या या मसुद्यात दस्त ऑनलाइन सादर करणे, इलेक्ट्रॉनिक नोंदणी आणि संमतीने आधार पडताळणी यांची तरतूद आहे. आधार नसलेल्यांसाठी किंवा ते देऊ न इच्छिणाऱ्यांसाठी पर्यायी मार्गाचेही आश्वासन आहे. नोटरींचा कारभार अद्याप १९५२ च्या कायद्यावर चालतो, पण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने २०१२ पासून दूरस्थ नोटरीला मान्यता दिली आणि पुढे बहुतेक राज्ये त्या वाटेने गेली. तोच दाखला देऊन भारतातही ‘घरबसल्या साक्षांकन’ची मागणी होत राहणार. घरबसल्या काम होणे वाईट नाही. वाईट आहे ती एक समजूत, जी या साऱ्या उत्साहाच्या तळाशी न तपासता पडून आहे: यंत्राने जुळणी दाखवली, म्हणजे माणसाची ओळख पटली.

सही करणाऱ्याची ओळख पटवणे म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर नसते. चार प्रश्नांची उत्तरे असतात. दाखवलेले ओळखपत्र खरे आहे का? समोरची व्यक्ती त्या ओळखपत्रावरचीच आहे का? ती या क्षणी खरोखर जिवंत समोर आहे, की तिचे चित्र, ठसा किंवा ध्वनिफीत आहे? आणि ती आपण कशावर सही करतो आहोत हे समजून, स्वखुशीने सही करते आहे का? पहिल्या तिन्ही प्रश्नांना यंत्र उत्तर देते, पण ते उत्तर शक्यतेच्या भाषेत असते. चौथ्या प्रश्नाकडे यंत्र पाहतच नाही. साक्षांकनाचा प्राण मात्र चौथ्या प्रश्नात आहे.

आधी ई-सहीचे अंतरंग पाहावे. आधार क्रमांक आणि ओटीपी दिला की प्रमाणन करणाऱ्या संस्थेच्या सुरक्षित यंत्रात त्या व्यक्तीच्या नावाने एक गुप्त किल्ली तयार होते. त्या किल्लीने दस्तावर सही उमटते आणि किल्ली लगेच नष्ट केली जाते. सोबतच्या प्रमाणपत्राची मुदत अवघी तीस मिनिटे असते. सही झाल्यानंतर दस्तात एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी तो बदल उघड होतो. हे गणित भक्कम आहे आणि त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण हे गणित दस्ताची अखंडता सांगते. किल्ली तयार करण्याचा आदेश ज्या बोटाने दिला ते बोट कोणाचे होते, याचे उत्तर त्या गणितात नाही. ते सिमकार्डाच्या ताब्यात आहे. भारतीय घरांत वडिलांचा फोन मुलगा हाताळतो, आजीच्या आधारला नातवाचा क्रमांक जोडलेला असतो, शेतमजुराच्या कार्डावर सेवा केंद्रचालकाने स्वतःचाच क्रमांक टाकलेला असतो. अभेद्य कुलूप लावून किल्ली उंबरठ्यावर ठेवावी, तशी ही व्यवस्था आहे.

यावर उत्तर ठरलेले असते: ओटीपी पुरत नसेल तर बोटाचा ठसा घ्या, डोळ्याची बुबुळे घ्या, चेहरा घ्या, शरीर खोटे बोलत नाही. शरीर खोटे बोलत नसेलही, पण यंत्र शरीर पाहत नाही. ते शरीरावरून काढलेल्या काही खुणा पाहते आणि साठवलेल्या खुणांशी त्यांचे साम्य किती, याला गुण देते. त्या गुणांना एक उंबरठा ठरवलेला असतो. गुण उंबरठ्याच्या वर गेले की ‘हाच तो’, खाली राहिले की ‘हा तो नव्हे’. उंबरठा खाली आणला तर परका माणूस आत येतो. वर नेला तर घरचा माणूस बाहेर राहतो. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारे उपकरण आजवर झालेले नाही. म्हणून ‘अचूकता ९९ टक्के’ अशा जाहिरातीला वैज्ञानिक अर्थ नसतो. कोणती चूक, कोणत्या उंबरठ्यावर, कोणत्या लोकांवर मोजली, हे सांगितल्याशिवाय तो आकडा केवळ शोभेचा असतो.

आधारच्या खटल्यात प्राधिकरणानेच सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये मांडलेले आकडे असे होते: बोटांच्या ठशांची पडताळणी सुमारे ६ टक्के वेळा आणि बुबुळांची ८.५४ टक्के वेळा अपयशी ठरते. त्यानंतर उपकरणे सुधारली असतील, असे मानू. तरीही साधा त्रैराशिक करावा. एक कोटी सह्यांपैकी सहा टक्के म्हणजे सहा लाख प्रसंग, ज्यांत खऱ्या माणसाला यंत्राने ‘तू तू नाहीस’ असे सांगितले. उलट बाजूला, दहा हजारांत एकदाच परका माणूस आत शिरतो असे धरले, तरी कोटीमागे एक हजार बनावट सह्या होतात. प्रयोगशाळेत दहा हजारांत एक ही उत्तम कामगिरी असेल. ज्याचे घर गेले त्याच्यासाठी मात्र चूक शंभर टक्के असते. ठसे झिजतात ते विटा वाहणाऱ्यांचे, भांडी घासणाऱ्यांचे, ऊस तोडणाऱ्यांचे आणि वयोवृद्धांचे. पहिला आधार क्रमांक सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला होता, हे येथे आठवावे. ज्यांच्या नावाने योजनेचा नारळ फुटला, त्यांच्याच हातांशी यंत्राचे सर्वांत कमी जमते.

ठसा चोरता येतो, हेही नवे ज्ञान नाही. २००२ मध्ये जपानमधील संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरात मिळणाऱ्या जिलेटिनची बोटे बनवून अकरा ठसे-वाचक उपकरणांना चकवून दाखवले होते. भारतात या प्रयोगाची पुनरावृत्ती गुन्हेगारांनी केली. तेलंगणात २०१८ साली उघडकीस आलेल्या प्रकरणात नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांतून ठसे उचलून त्यांच्या रबरी प्रतिकृती बनवल्या गेल्या होत्या. पुढे आधारशी जोडलेल्या बँक व्यवहारांतून पैसे काढण्यासाठी हीच युक्ती इतर राज्यांत वापरली गेली. खरेदीखतावर अंगठा घ्यायचा तो ओळख सुरक्षित राहावी म्हणून. तेच खरेदीखत अंगठ्यासकट महाजालावर ठेवायचे आणि चोराला साचा पुरवायचा, असा हा कारभार. २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचाच आहे का हे तपासणारी नवी यंत्रणा आणली, हे चांगलेच झाले. पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा चोरीला गेलेल्या माणसाने काय बदलायचे?

चेहऱ्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे. कॅमेऱ्यासमोर छायाचित्र किंवा मुखवटा धरणे हा जुना हल्ला. डोळे मिचकावायला सांगून तो बहुधा पकडता येतो. नव्या हल्ल्यात कॅमेऱ्यासमोर काहीच धरावे लागत नाही. संगणकात आभासी कॅमेरा बसवून कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला चेहरा थेट प्रवाहात सोडला जातो. तो चेहरा डोळेही मिचकावतो, मानही वळवतो. हाँगकाँगमध्ये २०२४ साली एका बहुराष्ट्रीय अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना प्रत्यक्ष पाहिले, ऐकले आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. बैठकीतील ते सहकारी बनावट होते. ओळखीच्या चेहऱ्यांबाबत असे घडू शकते, तर कधीही न भेटलेल्या अनोळखी माणसाचा चेहरा पाच मिनिटे पडद्यावर पाहून नोटरीने शपथेवर काय सांगायचे? अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ मध्ये चेहरा ओळखणाऱ्या अल्गोरिदमांची मोठी चाचणी घेतली. त्यांतील अनेकांत चुकीच्या जुळणीचे प्रमाण लोकसमूहानुसार दहा ते शंभर पटींनी बदलते, असे आढळले. म्हणजे परदेशी चाचणीतील गुणपत्रक येथे लावून भागणार नाही.

आणि डोळे मिचकावायला सांगणे तरी सर्वांना कुठे लागू पडते? ॲसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्या आणि दृष्टिहीन नागरिकांना या एका अटीमुळे खाते उघडता येईना, सिमकार्ड मिळेना. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले आणि पडताळणीची पद्धत सर्वांना पेलेल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले. चोराला अडवण्यासाठी लावलेली चाळण आधी जखमी माणसाला अडवते आणि चोराला नवी वाट सापडतेच, हा धडा त्या निकालातून घ्यायला हवा.

अमेरिकेच्या उदाहरणाचे गोडवे गाणाऱ्यांनी तिथली ठेचही पाहावी. तिथल्या दूरस्थ नोटरीत बराच काळ भर होता तो खासगी माहितीवरील प्रश्नांवर. फ्लोरिडाचा कायदा घ्या: किमान पाच प्रश्न, दोन मिनिटे, ८० टक्के उत्तरे बरोबर. पूर्वी कोणत्या पत्त्यावर राहत होता, कर्ज कोणत्या संस्थेचे घेतले, असे ते प्रश्न. गृहीतक हे की ही उत्तरे फक्त त्या माणसालाच ठाऊक असतात. २०१५ मध्ये तिथल्या करखात्याच्या सेवेत भामट्यांनी अशाच प्रश्नांची उत्तरे देऊन लाखो करदात्यांची माहिती काढून नेली. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतमापन कंपनीतून सुमारे १४.७ कोटी लोकांचा तपशील चोरीला गेला. त्यानंतर त्या प्रश्नांची उत्तरे चोरांना मालकापेक्षा नीट पाठ होती. भारतात आईचे माहेरचे आडनाव आणि जन्मतारीख हे रहस्य मानणाऱ्यांनी एकदा गावाच्या मतदार यादीवर आणि नातेवाइकांच्या समाजमाध्यमांवर नजर टाकावी.

आता चौथ्या प्रश्नाकडे वळावे. खरी किंमत तिथे मोजावी लागते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला. महाराष्ट्राने तर ते पाऊल १९९४ मध्येच उचलले होते. कायद्याने दिलेला हा वाटा प्रत्यक्षात कसा परत घेतला जातो, हे प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहे: महाराष्ट्रात हक्कसोडपत्र, राजस्थानात हक-त्याग. बहिणीने राखीपौर्णिमेला यावे, साडी घ्यावी आणि सही करावी. आज त्यासाठी तिला निदान दुय्यम निबंधकाच्या कचेरीत यावे लागते. तिथे चार परकी माणसे असतात, अधिकारी असतो. ‘ताई, हे काय आहे ते कळले ना?’ असे विचारण्याची शक्यता तरी असते. उद्या हीच सही घरातल्या खोलीत, भावाच्या फोनवर होईल. कॅमेऱ्याला तिचा चेहरा दिसेल. कॅमेऱ्यामागे उभे असलेले घर दिसणार नाही. चेहरा जुळेल, अंगठा जुळेल, ओटीपी जुळेल. यंत्राच्या लेखी सर्व काही निर्दोष असेल आणि एका बाईचा आयुष्यभराचा आधार निर्दोष पद्धतीने गेलेला असेल.

यावर खोचक प्रतिप्रश्न येईल: आजच्या कचेऱ्यांत तरी कोण विचारतो? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर लाजिरवाणे आहे. न्यायालयाबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी अनेकदा माणसाकडे न पाहताच शिक्का मारतो. ‘माझ्यासमक्ष सही केली’ हे वाक्य आधीच छापलेले असते. ओळख पटवणारे साक्षीदार कचेरीच्या आवारात भाड्याने मिळतात. कुलमुखत्यारपत्राच्या आडून चालणारे जमिनीचे व्यवहार इतके बोकाळले होते की, अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये ठणकावून सांगावे लागले. तेव्हा ‘समक्ष’ या शब्दाची पूजा बांधण्याचे कारण नाही. नीट केलेले दूरस्थ साक्षांकन आजच्या शिक्केबाजीपेक्षा कितीतरी चांगले ठरू शकते. प्रश्नोत्तरांचे जतन केलेले चित्रमुद्रण हा वहीतल्या फिकट अंगठ्यापेक्षा सबळ पुरावा आहे. परदेशातील कामगाराला एका मुखत्यारपत्रासाठी दूतावास गाठावा लागणे, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला खुर्चीसकट जिना चढवणे, ही काही न्यायाची लक्षणे नव्हेत.

म्हणून वाद दूरस्थ की समक्ष असा नाही. वाद आहे तो यंत्र चुकले तर भोगायचे कोणी, याचा. नोटरीने साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र रीतसर झाले आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. या गृहीतकाचा भार पडतो फसवल्या गेलेल्या माणसावर. ‘ती सही माझी नाही’ हे त्यानेच सिद्ध करायचे. कागदावर शाईची सही असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञ तरी मिळतो. उंबरठा कोणता होता, गुण किती मिळाले, प्रवाह खऱ्या कॅमेऱ्यातून आला की आभासी, हे सारे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, तिच्याविरुद्ध सातबाऱ्यावरून नाव उडालेल्या शेतकऱ्याने पुरावा कुठून आणायचा?

यावरचा उपाय देशाच्याच नियमपुस्तकात आहे. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. हेच तत्त्व दूरस्थ सहीला लावावे. माणसाने सही नाकारली, तर ती त्याचीच होती हे साक्षांकन करणाऱ्याने आणि पडताळणीची सेवा विकणाऱ्याने सिद्ध करावे. न जमल्यास नुकसान त्यांनी भरावे. अचूकतेचे दावे त्या दिवशी आपोआप प्रामाणिक होतील. ज्याला आपल्या चुकीची किंमत मोजावी लागते, तोच आपली चूक मोजू लागतो.

दुसरी अट पारदर्शकतेची. प्रत्येक पद्धतीतील दोन्ही प्रकारच्या चुका, वय, लिंग, व्यवसाय आणि प्रदेश यांनुसार, स्वतंत्र प्रयोगशाळेने मोजून जाहीर कराव्यात. आभासी कॅमेऱ्यावाटे होणारा हल्लाही त्या चाचणीत असावा. तिसरी अट व्यवहाराच्या वजनाची. भाडेकराराला जी पडताळणी पुरते ती घराच्या विक्रीला आणि हक्कसोडीला पुरणार नाही. व्हिडिओ पडताळणीने उघडलेले बँक खाते दुसऱ्या तपासणीनंतरच चालू होते, तसा हक्क सोडणारा दस्तही काही दिवस थांबवावा, सही करणाऱ्याशी घरच्यांच्या गैरहजेरीत प्रशिक्षित अधिकाऱ्याने बोलावे आणि मगच तो पक्का करावा. चौथी अट पर्यायाची. यंत्राने नाकारलेल्या माणसाला माणसापर्यंत पोहोचण्याचा हक्क हवा. १९०८ च्या कायद्यातील ३८ व्या कलमानुसार, आजारपणामुळे कचेरीत येऊ न शकणाऱ्याच्या घरी नोंदणी अधिकारी स्वतः जातो किंवा आयुक्त पाठवतो. बैलगाडीच्या काळात राज्याला जे जमत होते, ते उपग्रहांच्या काळात अवघड का व्हावे?

मोजमापातील अनिश्चितता मान्य करणे ही विज्ञानाची पहिली शिस्त आहे. तीच झाकून ‘यंत्र सांगते’ म्हणून हात झटकणे ही विज्ञानाची सेवा होत नाही. तो विज्ञानाच्या नावाने केलेला जुनाच टाळाटाळीचा कारभार होय. सहीखाली नोटरीचे नाव असते ते एवढ्यासाठी की, उद्या कोणी विचारले तर उत्तर द्यायला एक माणूस असावा. नव्या विधेयकात ठसा, चेहरा, ओटीपी या साऱ्यांना खुशाल जागा द्यावी; पण त्या माणसाची जागा रिकामी ठेवून कायदा मंजूर करू नये.